कीपरची हाक

पुण्यात कुणाला सांगितलं की मी फुटबॉल खेळतो, तर पहिला प्रश्न येतो, "ते ठीक आहे, पण करता काय?" पंधरा वर्षं मी सांगत आलो की हेच करतो, हीच नोकरी. मग दुसरा प्रश्न, गोल किती मारले. माझ्या जागेवर खेळणाऱ्याला हे विचारणं म्हणजे सोसायटीच्या वॉचमनला यंदा किती फ्लॅट विकले असं विचारण्यासारखं आहे. सुरुवातीला मी नीट समजावून सांगायचो. पुढे 'मोजले नाहीत' म्हणून मोकळा व्हायला लागलो. खरं तर मोजायला एक हात पुरला असता.

मी डिफेन्सिव्ह मिडफिल्डर होतो. आपल्या बचावफळीच्या जरा पुढे मैदानाच्या मध्यभागी एक मोकळा पट्टा असतो. समोरच्या संघातला सगळ्यात हुशार खेळाडू तिथे येऊन उभा राहतो, आणि त्याला तिथे सुखानं उभं राहू न देणं हे माझं काम. पास कुठे जाणार ते आधी ओळखायचं, मधे पाय घालायचा, बॉल मिळाला की जवळच्या शहाण्या माणसाकडे द्यायचा आणि परत जागेवर यायचं. अगदीच हाताबाहेर गेलं तर शर्ट धरायचा, पिवळं कार्ड घ्यायचं आणि रेफरीकडे बघून चेहरा गरीब करायचा. माझा दिवस चांगला असला की मी प्रेक्षकांना दिसतच नाही. अब्बा आयुष्यात एकदाच मॅच बघायला आले होते. परतताना गाडीत म्हणाले, "पळालास बरंच. कुठे जायचं होतं?"

अब्बांचा मार्केट यार्डात बारदानाचा गाळा आहे, आजोबांच्या वेळेपासूनचा. भुसार बाजारातली रिकामी पोती घ्यायची, झटकायची, शिवायची आणि पुन्हा विकायची. घरात आम्ही दखनी बोलतो आणि गाळ्यावर मराठी. टोमणा मारायचा असला की अब्बा घरातही मराठीवर येतात. माझे दोन्ही भाऊ गाळ्यावर बसले. मी कँपातल्या क्लबातून गोव्याला गेलो, तिथून कोलकात्याला, मग केरळात, आणि बत्तिसाव्या वर्षी पुण्यातल्याच एका क्लबात परत आलो. क्लब दुसऱ्या फळीतला होता. सरावासाठी लोणी काळभोरला एका कॉलेजचं मैदान घेतलं होतं. रोज सकाळी हडपसरचा चौक पार करून सोलापूर रस्त्यानं तिथे पोचायचं, ह्यातच निम्मी ताकद जायची.

परत आलो त्याच वर्षी एका सकाळी उठलो तर डावा कान बंद. आत लांबून कुकरची शिट्टी वाजत राहावी तसा आवाज. आदल्या दिवशी सरावानंतर आम्हाला पोहण्याच्या तलावात सोडलं होतं, तेव्हा पाणी गेलं असेल असं मी धरून चाललो. एका पायावर उड्या मारल्या, गरम फडक्यानं शेकलं. दोन दिवसांनी मॅच होती, तिच्यानंतर आणखी एक. कान काही गुडघा नाही, बघू नंतर, असं करता करता तीन आठवडे गेले.

मग एका शुक्रवारी अब्बांना नमाजला न्यायला मार्केट यार्डात गेलो. गाळ्याबाहेर रस्त्यात उभा राहून फोन बघत होतो, तेवढ्यात डावीकडून पाठीत असा धक्का बसला की मी पोत्यांच्या थप्पीवर जाऊन आदळलो. डोक्यावर पोतं घेतलेला हमाल होता. तिथे हमाल मागून ओरडत येतात आणि ऐकणाऱ्यानं बाजूला व्हायचं असतं. लहानपणापासून माझे पाय त्या आवाजावर आपोआप सरकायचे. हमाल पोतं सावरत म्हणाला, "तीन वेळा ओरडलो. आता काय पत्रिका घेऊन येऊ घरी?" आजूबाजूचे हसले. अब्बा हसले नाहीत. ते माझ्याकडे बराच वेळ बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला शनिवार पेठेतल्या एका कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, स्वतः बरोबर येऊन.

डॉक्टरांकडे काचेची एक खोली असते. आत बसवून कानाला यंत्र लावतात. आवाज आला की बटण दाबायचं. उजवा कान झाला. डाव्याच्या वेळी मला काहीच ऐकू येत नव्हतं, पण काचेपलीकडे बसलेल्या मदतनीस बाईंचा खांदा दिसत होता. त्या यंत्राची कळ दाबायच्या तेव्हा तो किंचित हलायचा. मी खांदा बघून बटण दाबत गेलो. हे ठरवून केलं नाही, आयुष्यभर हेच करत आलो होतो. समोरच्याचा खांदा हलला की बॉल कुठे जाणार ते कळतं. डॉक्टर मागे उभे राहून बघत होते. त्यांनी दार उघडलं आणि विचारलं, "आपण ऐकून दाबताय की बघून?" मग माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली.

डावा कान गेला होता. थोडा नाही, पूर्ण. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात तर औषधानं काही परत आलं असतं. "कान आहे तो. चपलेसारखा कधीही दुरुस्तीला टाकता येत नाही." अब्बांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला होता, आणि आधाराची गरज दोघांपैकी नक्की कुणाला होती ते मला सांगता येणार नाही.

क्लबात मी सांगितलं नाही. दरवर्षी आमची तपासणी व्हायची त्यात हृदय बघायचे, गुडघे बघायचे, रक्त घ्यायचे. कान कुणी विचारत नाही. आणि माझी जागा अशी आहे की निम्मा खेळ पाठीमागे चालतो. बॉल पायात घेताना मागून कुणी अंगावर येत असेल तर आपलीच माणसं ओरडून सांगतात. ते डावीकडून यायचं बंद झालं म्हणून मी मान वळवायला लागलो. बॉल यायच्या आधी एकदा, येताना एकदा. मिनिटाला कितीदा तरी. बसमध्ये मी डावीकडच्या खिडकीशी बसायचो, जेवायला टेबलाच्या डाव्या टोकाला, म्हणजे सगळी माणसं उजवीकडे. बायको रस्त्यानं चालताना न सांगता उजवीकडे यायला लागली.

महिन्याभरात आमच्या प्रशिक्षकांच्या ते लक्षात आलं, आणि त्यांना ते भलतंच आवडलं. त्यांनी माझ्या मानेचा व्हिडिओ काढून सगळ्या संघाला दाखवला. "ह्याची मान बघा. घुबडागत फिरत्या. ह्या वयात माणूस नवीन शिकतोय, आणि तुम्ही विशीतले लेकाचे बॉल बघत बसताय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नम्रपणे खाली बघितलं. मला तेव्हा गंमतही वाटली होती, हे कबूल करायला हवं.

हे सर कोल्हापूरचे. पेठेतल्या तालमीच्या संघातून वर आलेले, पन्नाशी ओलांडलेले, आवाज खडा. त्यांचा एक नियम होता, तालमीतूनच आणलेला. उंच बॉल गोलपुढच्या बॉक्समध्ये आला आणि तो आपला आहे असं कीपरला वाटलं तर त्यानं 'कीपर' अशी हाक मारायची. हाक आली की बाकीच्यांनी बॉल सोडायचा. हे जगभर असंच आहे. सरांचा नियम त्याच्या पुढचा होता. कीपर आणि आपला खेळाडू एकमेकांवर आपटले तर सर एकच प्रश्न विचारायचे, "हाक होती का?" आणि उत्तर कीपरनं द्यायचं नाही, त्या खेळाडूनं द्यायचं. तो म्हणाला होती, तर चूक त्याची. नव्हती म्हणाला, तर चूक कीपरची. पुढे वाद नाही. सर म्हणायचे, "हाक मारणाऱ्याला वाटतं आपण गावभर ओरडलो. ज्याच्यासाठी मारली त्याला पोचली तरच ती हाक." नियम चोख होता. फक्त उत्तर देणारा माणूस खरं बोलेल आणि त्याचे दोन्ही कान चालू असतील, हे त्यात गृहीत होतं.

आमचा कीपर नागपूरकडचा, कामठीचा. चोवीस वर्षांचा, उंच, हातांचे पंजे सुपाएवढे. दोन वर्षं तिसऱ्या नंबरचा कीपर म्हणून बाकावर बसून काढली होती, कुरकूर न करता. त्या वर्षी पहिला दुखावला, दुसरा सोडून गेला आणि ह्याला संधी मिळाली. खेळतही चांगला होता. मला 'भाऊ' म्हणायचा. मॅचआधी माझ्याजवळ येऊन विचारायचा, "भाऊ, आज कुठून त्रास होईल?" आणि मी सांगितलेलं खरंच लक्षात ठेवायचा. घरी आई एकटी होती. तिला रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करायचा आणि काय जेवलो ते सविस्तर सांगायचा, त्यावरून आम्ही त्याला चिडवायचो.

हंगाम संपायला तीन सामने उरले होते. बालेवाडीला दुपारची मॅच, बरोबरी झाली असती तरी वरच्या लीगची आशा टिकली असती. कुठल्याशा कॉलेजचं ढोल पथक गॅलरीत बसवलं होतं आणि ते अर्थातच वाजवत होतं. शेवटची दहा मिनिटं. मधल्या दोन बचावपटूंपैकी, म्हणजे स्टॉपरपैकी, एक उपचाराला बाहेर, दुसरा पार उजवीकडे त्याच्या माणसाच्या मागे. समोरून त्यांनी उंच, लांब बॉल टाकला. स्टॉपरची मोकळी जागा भरायला मी उलट पावली मागे पळत आलो. नजर बॉलवर ठेवावी लागते, त्यामुळे मान वळवायची सोय नव्हती. मी उडी मारली, कपाळाला बॉल लागला आणि त्याच क्षणी डावीकडून, मागून, दोन मुठी माझ्या खांद्यावर आपटल्या. दोघं खाली पडलो. बॉल माझ्या डोक्यावरून, त्याच्या डोक्यावरून, दोन टप्पे घेत रिकाम्या गोलात गेला.

जमिनीवरच तो म्हणाला, "भाऊ, मी ओरडलो होतो." आता त्याचं तोंड माझ्या उजव्या कानाशी होतं, त्यामुळे ते मला स्वच्छ ऐकू आलं.

मॅच हरून आम्ही ड्रेसिंग रूममध्ये आलो. सर मधे उभे राहिले आणि मला म्हणाले, "हाक होती का?"

त्या क्षणाबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे, आणि त्यात गुंतागुंत काही नाही. ती हाक मी ऐकली नव्हती. ती होती हे मला माहीत होतं, कारण तो पोरगा प्रत्येक बॉलला हाक मारायचा, आणि ती कुठून येऊन कुठे हरवली असेल ते मला सोडून तिथे कुणालाच कळणं शक्य नव्हतं. 'मला ऐकू आली नाही' असं म्हटलं असतं तर सरांनी विचारलं असतं, का नाही आली. पुढच्या आठवड्यात माझा करार एका वर्षानं वाढवायचं बोलणं होणार होतं. मी तेहेतीस वर्षांचा होतो.

"नव्हती," मी म्हणालो.

सरांनी मान हलवली. कीपरनं माझ्याकडे पाहिलं, मग बुटाच्या नाड्या सोडायला लागला. नियमाप्रमाणे त्याला बोलायचं नव्हतं आणि तो बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी लोणीला गाडी लावत होतो तेव्हा तो येऊन उभा राहिला. "भाऊ, राग नका मानू. मले वाटते मी हाक मारली होती." कालच्या 'ओरडलो होतो'चं आज 'वाटते' झालं होतं. मी गाडीचं दार लावलं आणि म्हणालो, "वाटणं वेगळं आणि मारणं वेगळं." ड्रेसिंग रूममधलं खोटं घाबरून बोललो होतो. हे वाक्य मी शांतपणे, विचार करून बोललो. मला लाज वाटते ती ह्याची जास्त.

उरलेल्या दोन सामन्यांत दुसरा एक कीपर उसना आणून उभा केला. आमचा कामठीचा सरावात ओरडत राहिला. कुणाचाही बॉल असो, 'कीपर'. बॉल मैदानाबाहेर चालला तरी 'कीपर'. पोरं हसायची. आठवड्यात त्याचा घसा बसला. हळद-मिठाच्या गुळण्या करायचा आणि परत येऊन ओरडायचा, नुसती हवा बाहेर पडेपर्यंत. तिथला माळी मला म्हणाला, "ह्याला काय झालंय हो? पोरगं खुळं व्हायच्या वाटंला लागलं हाय." मी म्हणालो, सराव करतोय.

हंगाम संपला. माझं एक वर्ष वाढलं, त्याला मोकळं केलं. जाताना त्यानं सगळ्यांशी हात मिळवले. मला म्हणाला, "येतो भाऊ. तुमच्याकडून लई शिकलो." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

कीपरचं करिअर चाळिशीपर्यंत चालतं. चोविसाव्या वर्षी एका क्लबानं सोडलं तर दुसरा घेतो, असं मी स्वतःला सांगत होतो. पण घेणारा आधीच्या प्रशिक्षकाला फोन करतो. एकदा सरांबरोबर गाडीत होतो तेव्हा असा एक फोन आला. सर म्हणाले, "पोरगा गुणी आहे. हात चांगलेत. पण बोलत न्हाई मैदानावर." समोरच्यानं आणखी काही विचारलंच नाही. न बोलणारा कीपर म्हणजे कुलूप नसलेलं दार, ते कोण घेणार. असे किती फोन आले मला माहीत नाही. मी त्या एका फोनच्या वेळी खिडकीबाहेर बघत होतो, हे माहीत आहे.

वाढवून मिळालेलं वर्ष मी बरं खेळलो. मग थांबलो. क्लबानं लगेच साहाय्यक प्रशिक्षकाची जागा देऊ केली आणि मी घेतली. पहिल्याच आठवड्यात सरावात आमचा नवा कीपर आणि एक स्टॉपर एकमेकांवर आपटले. दोघं उठून अंग झटकत उभे राहिले. सर लांब होते. तिथून त्यांनी मला हात केला, "विचार त्याला."

मी त्या स्टॉपरसमोर उभा राहिलो. तीन शब्दांचा प्रश्न होता. कीपर बाजूला उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता, आपलं काय होणार म्हणून. मला तो प्रश्न विचारता आला नाही. "जाऊ दे, पुढे खेळा," असं म्हणून मी बाजूला आलो, आणि सर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

कामठीच्या त्या कीपरचा पत्ता शोधायला वेळ लागला नाही. तो पुण्यातच होता. वाघोलीकडच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक झाला होता आणि शनिवारी सकाळी मुलांना फुटबॉल शिकवायचा. मी गेलो तेव्हा नव्या तुकडीचा पहिला दिवस होता. वीसेक मुलं-मुली गवतात बसली होती आणि तो समोर उभा राहून बोलत होता. त्यानं मला पाहिलं, हसून हात वर केला, बसा म्हणाला. मी बाकावर बसलो, उजवा कान त्यांच्याकडे करून.

तो मुलांना सांगत होता, "मैदानावर बोललं पाहिजे. मी मोठ्या क्लबात खेळायचो. एका मॅचमध्ये बॉल माझा होता आणि मी हाक मारली नाही. फक्त एकदा. आमचे एक सीनियर होते, फार मोठे खेळाडू, त्यांना माझ्यामुळे लागलं, गोल झाला आणि माझं खेळणं संपलं. म्हणून तुम्ही ओरडायचं. लाजायचं नाही." मग माझ्याकडे हात करून म्हणाला, "हेच ते सर." मुलांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानं मुलांना मैदानाला फेऱ्या मारायला पाठवलं आणि माझ्याकडे आला. मी नमस्कार-चमत्कार न करता सांगून टाकलं. डावा कान त्या मॅचच्या वर्षभर आधी गेला होता. त्या बाजूनं मला काही ऐकू येत नाही. तू हाक मारली होतीस. मला ते तेव्हाच कळलं होतं. मी खोटं बोललो.

 तो म्हणाला, "आईनं विचारलं होतं मले. खरंच ओरडला नव्हता का तू. मी म्हटलं, नसेन ओरडलो. ती म्हणे, तू तर घरात पाणी मागतो तरी गल्ली गोळा होते. मी म्हटलं, भाऊ खोटं नाही बोलणार." पुढे म्हणाला, "मग हळूहळू मले आठवायलाच लागलं, भाऊ. का मी तोंड उघडलं, अन् आवाज नाही निघाला. असं दिसते मले. आताही दिसते."

मला रडू आलं. मी ते दाबलं नाही आणि त्यानंही समजूत काढली नाही. त्यानं विचारलं, "सरांना सांगितलं?"

"नाही. म्हटलं आधी तुला सांगावं."

"मले सांगून काय होते," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "फोन त्यांना येतात."

मी तिथेच सरांना फोन लावला आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं.  सर म्हणाले, "मी तुझी मान पोरांना दाखवत होतो रे." आणि मग, "तू सोमवारी येऊ नको. त्याच्याकडे फोन दे."

तो फोन घेऊन लांब गेला. हो सर, नाही सर, एवढंच करताना दिसत होता. परत आल्यावर म्हणाला, सर सोमवारी लोणीला बोलावून राहिले, बघतो. आपलं वजन वाढलंय म्हणाला. मुलांच्या फेऱ्या संपत आल्या होत्या. मी विचारलं, मुलांना आता काय सांगशील. तो म्हणाला, "पोरं ओरडायला शिकतात त्या गोष्टीनं. राहू द्या. एरवी तुमचं नाव घेत नाही मी." मग स्वतःचा फोन काढून त्यानं आईला लावला. "आई, मी हाक मारली होती," एवढंच म्हणाला. पलीकडून ती काही विचारत असावी. "हे इथं उभे आहेत ना, तेच सांगून राहिले." मग फोन माझ्यापुढे धरला. तिला बोलायचं होतं.

मी फोन घेतला. बाईंचा आवाज त्याच्यापेक्षाही मोठा होता. "इतके दिवस काहून लागले जी तुमाले?"

"भीती वाटत होती, आई."

"त्याले बी वाटे," ती म्हणाली. "घरी आला होता तवा झोपेत ओरडे. कीपर, कीपर. शेजारचे उठून येत, का झालं पोराले म्हणून इचारत. मी सांगो, काही नाही, खेळून राहिला."

ती रागावलेली नव्हती, नुसती सांगत होती. मी सगळं ऐकून घेतलं.